पाच पिल्लांची परवानगी

फेर्मीन गाल्बिस यांनी मोजपट्टी तिसऱ्यांदा लावली, तेव्हाही आकडा तोच आला. फाटकापासून दारापर्यंत जाणाऱ्या वाटेवर, मार्गालोच्या झुडपापाशी, माणसाला जायला जागा होती सत्तेचाळीस सेंटिमीटर. रेमेच्या वॉकरची रुंदी चौसष्ट. अडतीस वर्षं जमीन-नोंदणी कचेरीत काढलेला माणूस आकड्यांशी हुज्जत घालत नाही. त्यांनी मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली आणि झाडाला उद्देशून "बरं" एवढंच म्हणाले.

मार्गालो म्हणजे बुटका ताड. पंख्यासारखी पानं, पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी काटे, आणि वाढायची रीत अशी, की एका आईच्या पायाशी दरवर्षी एखादं पिल्लू फुटतं आणि ते कधीच घर सोडून जात नाही. या झाडाला अकरा पिल्लं होती. त्यातली पाच वाटेच्या बाजूला होती आणि फाटकातून येणाऱ्याला काटे दाखवत उभी होती. गाल्बिस गेली दहा वर्षं तिथून पोट आत घेऊन, फायली डोक्यावर धरल्यासारखे हात वर करून जात. निवृत्तीनंतरही पोट आत राहिलं ते या झाडामुळे, असं ते म्हणत, आणि ते पूर्ण खरं नव्हतं.

रेमे, म्हणजे त्यांची बायको रेमेदियोस, आठ डिसेंबरला चर्चच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून घेऊन जिल्ह्याच्या हॉस्पिटलात पडली. ऑपरेशन झालं. अठरा जानेवारीला तिला सोडणार होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की वॉकर सरळ धरायचा, सरळ चालायचं, आडवं होऊन फटीतून घुसायचं नाही. मागच्या दाराला नऊ पायऱ्या, म्हणजे तो रस्ता बाद. आणि सोडण्याच्या कागदावर एक चौकोन होता. 'घराची वाट मोकळी आहे काय? होय / नाही.' 'नाही' वर खूण केली, की रेमेची रवानगी चाळीस किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात होणार होती, थेट ईस्टरपर्यंत. तिथे रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेसहालाच देतात हे कळल्यावर रेमेनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिला काहीही न बोलता गाल्बिसांनी प्रथमच पाहिलं.

आता कुणीही म्हणेल, की मग पिल्लं काढा. इतकं सोपं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. झाड रेमेचं होतं. लग्नात तिनं ते डोंगरावरून, तेलाच्या डब्यात लावून, मांडीवर घेऊन आणलं होतं. तिचा बाप एलादिओ झाडू बांधणारा. मार्गालोच्या पानांचे झाडू बांधून त्यानं चार पोरी उजवल्या. त्याच्या घरात नियम एकच, पान काप, पिल्लाला हात लावू नकोस. प्रत्येक पिल्लू म्हणजे उद्याचे झाडू. सगळं गाव जानेवारीत सान्त आन्तोनीच्या जत्रेत मार्गालोचा गाभा सोलून खातं, पण झाडूवाल्याच्या घरी कुणी तो तोंडात घातला नाही, कारण गाभा काढला की झाड मेलं. रेमे जत्रेत गाभा विकणाऱ्या गाड्यांसमोरून मान ताठ ठेवून जाई. गाल्बिसांना लहानपणी गाभ्याचं वेड होतं. लग्नानंतर त्यांनी तो सोडला, तोही कुणी न सांगता, आणि या त्यागाचा उल्लेख कधी केला नाही. निदान फारसा नाही.

वीस वर्षांपूर्वी त्यांनी एकदा सुचवून पाहिलं होतं, "एखाद-दुसरं काढलं तर?" रेमेनं त्यानंतर तीन दिवस जेवण वाढलं, पण टेबलावर नव्हे, ओट्यावर. शिवाय त्या घरात निर्णय घ्यायचं खातं तिच्याकडे होतं. गाल्बिसांनी तिला न विचारता आयुष्यात एकच निर्णय घेतला होता, चौऱ्याण्णव साली, जुन्या गाडीचा. त्या गाडीविषयी घरात बोलत नाहीत.

तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं. ही चूक होती.

उजवीकडचा चिमो औषधकंपनीचा निवृत्त विक्रेता. त्याला ठाऊक नाही असा विषय नाही.

"सगळी काढ, फेर्मीन," तो म्हणाला. "अकराच्या अकरा. एकच खोड ठेव आणि खालून दिवा लाव. किनाऱ्यावरच्या हॉटेलात बघ, काय रुबाब असतो."

"मला रुबाब नकोय. मला सतरा सेंटिमीटर हवेत."

"मग झाडाला हातच लावू नकोस. रेमेला खुर्चीत बसवू आणि चौघं जण खांद्यावरून आत नेऊ. मिरवणुकीत संताला नेतो तसं. पुढची उजवी बाजू मी धरतो."

गाल्बिसांनी ते दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहिलं. वर बसलेली रेमे चौघांनाही पावलं कशी टाकायची ते सांगत होती. त्यांनी नकार दिला.

समोरच्या एन्ग्रासिया मावशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आणि दिवसातले नऊ तास गॅलरीत. त्यांनी वरूनच निकाल दिला.

"पिल्लं काढलीस तर आई झुरते, फेर्मीन. माझ्या नणंदेनं काढली होती."

"मग झाड मेलं?"

"झाड नाही. नणंद मेली."

"अरेरे. लगेच?"

"तेवीस वर्षांनी. पण तोवर तिला बरं असं कधी वाटलंच नाही."

दोन्ही सल्ले ऐकून गाल्बिसांनी मधला मार्ग काढला. पिल्लं कापायची नाहीत, दोरीनं मागे ओढून आईला बांधायची. बैठकीत बसून विचार केला तर यात काहीच चूक दिसत नाही. त्यांनी जाड दोर आणला, पाची पिल्लांना वेढा घातला, पाय रोवून ओढला, आणि गाठ मारायला वाकले. गाठ बसायच्या आधी दोर सुटला. पाच पिल्लं एकदम आपल्या जागी परत आली, आणि त्यांच्या जागी त्या वेळी गाल्बिस वाकलेले होते. आरोग्य केंद्रात परिचारिकेनं चिमट्यानं सात काटे काढले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि वहीत लिहिण्यासाठी विचारलं, "दुखापत कशी झाली?" गाल्बिस म्हणाले, "बागकामात." "जागा?" तिनं विचारलं. "बाग," ते म्हणाले. तिला ती जागा विचारायची नव्हती. ते काही दिवस हॉस्पिटलात रेमेला भेटायला गेले की उभेच राहत, आणि रेमे म्हणे, "बस की. इतकी घाई कसली?"

अखेर निर्णय झाला. पाच पिल्लं काढायची, सहा ठेवायची. मग पुढचा विचार आला, की झाडाची तर नगरपालिकेत नोंद आहे.

हे मात्र पूर्णपणे त्यांचंच कर्तृत्व होतं. बारा वर्षांपूर्वी नगरपालिकेनं उल्लेखनीय झाडांची नोंदवही काढली आणि नागरिकांना आपापली झाडं कळवायचं आवाहन केलं. एकोणीस हजार वस्तीच्या गावात अर्ज एकच आला. 'मार्गालो, एक. सोबत पिल्लं.' प्रमाणपत्र चौकटीत घालून त्यांनी लग्नाच्या फोटोशेजारी लावलं होतं. जेवायला आलेल्या पाहुण्यांना ते दोन्ही दाखवत, आधी प्रमाणपत्र.

खिडकी क्रमांक दोनवरच्या बाई तरुण होत्या आणि अतिशय नम्र. नम्र माणसापुढे काही चालत नाही.

"नोंद असलेल्या झाडात फेरफार करायला परवाना लागेल, सेन्योर गाल्बिस."

"माझ्या शेजाऱ्याकडे हेच झाड आहे. त्यानं उद्या करवत चालवली तर?"

"त्यांना काही लागणार नाही."

"का?"

"त्यांची नोंद नाही ना."

ज्याची नोंद आहे त्यालाच संरक्षण आहे, हे वाक्य गाल्बिसांनी अडतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. त्यांनी निमूटपणे अर्ज घेतला.

अर्जाला चारी दिशांनी काढलेले फोटो हवे होते. उत्तरेकडचा फोटो मावशींच्या गॅलरीतूनच निघत होता, आणि गॅलरीचं भाडं म्हणून नणंदेची हकिगत पुन्हा ऐकावी लागली. मग झाडाला खोडकिड्याची अळी नसल्याचा दाखला. मग कलम सात, 'काढलेल्या पिल्लांचे काय करणार?' त्यापुढे त्यांनी लिहिलं, 'कुंड्यांत लावून सांभाळणार,' आणि ते मनापासून लिहिलं. रेमेला दाखवायला पाच कुंड्या असल्या की निम्मं ओझं उतरेल, असा त्यांचा हिशेब होता. शेवटी सही केली आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला. बाईंनी तो तितक्याच नम्रपणे बाहेर सरकवला.

"सही मालकाची हवी."

"मालक मीच."

बाईंनी संगणकाच्या पडद्यावर बघितलं. "घर श्रीमती रेमेदियोस तोर्मो यांच्या नावे आहे. वडिलांकडून आलेलं. एकोणीसशे नव्वदची नोंद."

ती नोंद गाल्बिसांनीच केली होती, आपल्या सुवाच्य अक्षरात, बायकोचं नाव लिहिताना विशेष काळजी घेऊन.

यानंतर जे घडलं ते सांगताना आवाज खाली आणलेला बरा. फेर्मीन गाल्बिस या माणसानं एकदा मधलं नाव गाळलं म्हणून प्रत्यक्ष नोटरीला परत पाठवलं होतं. त्याच माणसानं झाडाचा अर्ज हॉस्पिटलच्या कागदांच्या गठ्ठ्यात चौथा म्हणून घातला आणि गठ्ठा रेमेच्या पुढ्यात ठेवला.

"इतके कागद?" ती म्हणाली. तिचा चष्मा कपाटावर होता.

"हॉस्पिटलचे आहेत. सोडताना लागतात."

रेमेनं एकेक कागद हातात धरला, दूर नेला, सही केली. चौथ्या कागदावर तिचा हात थोडा थांबला, की गाल्बिसांना तसं वाटलं. मग सही झाली. खाली उतरताना त्यांना जिन्यात बसावंसं वाटलं, पण इंजेक्शनची जागा अजून दुखत होती.

परवाना सोळा तारखेला हातात आला. त्याची मुदत अर्जाच्या दिवसापासून मोजत असल्यामुळे तो सतराला दुपारी दोनला संपत होता. आणि सतरा म्हणजे सान्त आन्तोनी, जनावरांच्या आशीर्वादाचा दिवस, म्हणजे गावात कुणी काम करत नाही. माळी केलो दया येऊन तयार झाला, पण आधी कुत्र्याला चर्चपुढे नेऊन पाणी शिंपडून घेणार होता. तो अकराला आला. कुत्रा आशीर्वादानंतरही गुरगुरत होता.

केलोचं काम मात्र बघण्यासारखं होतं. त्यानं माती उकरली, आईशी जोडलेला सांधा मोकळा केला, करवत एकदाच लावून पिल्लू अलगद मुळांसकट उचललं, आणि जखमेवर लेप थापला. पाच पिल्लं निघाली. त्यांची मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यानं ती फाटकाबाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "कुंड्या वाडीवर आहेत. घेऊन येतो. पाणी मारत राहा." जत्रेमुळे रस्ते बंद होते, म्हणून त्याला दीड तास लागला.

गाल्बिसांनी वाट झाडली. मोजपट्टी लावली. एक्याऐंशी सेंटिमीटर. त्यांनी ती पुन्हा लावली, केवळ सुखासाठी. मग हातात खुर्ची आडवी धरून, तीच वॉकर समजून, फाटकापासून दारापर्यंत तीन वेळा सरळ चालत गेले. आत जाऊन हॉस्पिटलला फोन केला. "वाट मोकळी आहे," ते म्हणाले, "चौकोनात 'होय' लिहा," आणि पलीकडच्या मुलीनं "होय" म्हटल्यावरही त्यांनी फोन लगेच ठेवला नाही.

ते बाहेर आले तेव्हा फाटकापाशी गर्दी होती.

सान्त आन्तोनीच्या दिवशी ज्याच्या दाराबाहेर खायची वस्तू ठेवलेली असते ती येणाऱ्याजाणाऱ्यासाठी असते. कुणी सुके अंजीर ठेवतं, कुणी बदाम, कुणी दारूचा बुधला. हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. आणि गाल्बिसांच्या भिंतीला टेकून, ताजी, ओली, गोणपाटात नीट गुंडाळलेली पाच मार्गालो होती. मावशी खुर्ची आणि सुरी घेऊन चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच इतक्या झपाट्यानं खाली उतरल्या होत्या. चिमो काटेरी देठ कापून देत होता. आठ-दहा अनोळखी माणसं थरामागून थर सोलत, प्रत्येक थराचं कोवळं टोक चोखत उभी होती. चार पिल्लं संपली होती, पाचव्याचा गाभा मावशींच्या मांडीवर पांढरा शुभ्र पडला होता.

"ये, फेर्मीन," चिमो म्हणाला. "गल्लीत सगळ्यांना वाटायचं तू कंजूस आहेस. आज मी स्वतः सगळ्यांची समजूत घातली."

"सगळ्यांना वाटायचं?" गाल्बिसांनी विचारलं.

"रेमेचा खुबा बरा होऊ दे," एक अनोळखी बाई म्हणाली, आणि सगळ्यांनी "होऊ दे" म्हटलं, भरल्या तोंडानं.

गाल्बिसांना पुष्कळ बोलायचं होतं. कलम सात वाचून दाखवायचं होतं. पण आपल्या बायकोचा खुबा बरा व्हावा म्हणून माणसं खात असताना त्यांच्या तोंडातून घास काढून घ्यायचा कसा, याची तरतूद कुठल्याच कलमात नव्हती. ते उभे राहिले. मावशींनी गाभ्याचा एक तुकडा कापून त्यांच्या हातावर ठेवला, आणि त्यांनी तो खाल्ला.

आधी कडवट, मग कच्च्या नारळाच्या खोबऱ्यासारखा, मग सावकाश गोड. एकेचाळीस वर्षांनी तो तसाच लागला. त्यांना एकदम आपण फार म्हातारे झालो आहोत असं वाटलं, आणि अजून एक तुकडा मागावासा वाटला. त्यांनी मागितला नाही.

केलो पाच कुंड्या घेऊन आला. सालींचा ढीग बघून त्यानं टोपी काढली.

"काही उरलंय?" त्यानं विचारलं.

काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गाल्बिसांनी एक कागद घेतला आणि आपले अपराध क्रमवार लिहिले. एक, फसवून सही घेणे. दोन, पाच पिल्ले काढणे. तीन, ती लोकांनी खाणे. चार, त्यांतील एक तुकडा स्वतः खाणे. वाचताना चौथा सगळ्यांत वाईट वाटत होता. समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलेला तो कागद दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता.

रुग्णवाहिका साडेअकराला आली. रेमे वॉकर धरून फाटकातून आत आली, सरळ, आडवं न होता. झाडापाशी तिचा वॉकर दोन्ही बाजूंना जागा सोडून चालला. ती थांबली. वाटेच्या बाजूनं आता आईचं खोड उघडं दिसत होतं, करड्या केसाळ सालीचं, लेपाच्या पाच ठिगळांसह. गाल्बिसांनी खिशातून कागद काढला.

"रेमे, मला तुला काही सांगायचंय. क्रमानं सांगतो. एक, ती सही–"

"मी वाचलं होतं."

"चष्मा तर कपाटावर होता."

"झाडूवाल्याच्या पोरीला मार्गालो हा शब्द वाचायला चष्मा लागत नाही, फेर्मीन."

"मग सही का केलीस?"

"मला घरी यायचं होतं," रेमे म्हणाली.

गाल्बिसांनी कागदाकडे पाहिलं. त्याचा बराचसा भाग एकदम निरुपयोगी झाला होता. उरलेलं त्यांनी न वाचताच सांगितलं. केलो, कुंड्या, जत्रा, मावशी, सुरी.

"सगळी खाल्ली?" तिनं विचारलं.

"सगळी."

"तूपण?"

"एक तुकडा," ते म्हणाले. "मला क्षमा कर."

"कसा लागला?"

हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. "आधी कडू," ते म्हणाले. "मग... मग बरा लागतो."

"आणि माझ्यासाठी ठेवला नाहीस."

"पण रेमे, तू खात नाहीस. तुमच्या घरी कुणीच–"

"मी खात नाही हे बाबांनी ठरवलं," रेमे म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मग तू तेच धरून चाललास. सदुसष्ट वर्षं मी त्या गाड्यांसमोरून मान ताठ करून गेले. 'रेमे, तुला हवंय का?' असं विचारलंय कुणी मला? सगळ्या गल्लीनं माझं झाड खाल्लं. शेजारच्या चिमोनं खाल्लं. मीच तेवढी राहिले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि दोन्ही हात वॉकरवर असल्यामुळे ते तिला पुसता येत नव्हतं. गाल्बिसांनी आपला रुमाल काढून ते पुसलं. मग तिला आत नेऊन खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली, आणि बाहेर गेले.

मागच्या बाजूला सहा पिल्लं होती. गाल्बिसांजवळ केलोची करवत नव्हती, पाव कापायची सुरी होती आणि कोळशाचं फावडं. ते गुडघ्यांवर बसले.

"फेर्मीन," वरून एन्ग्रासिया मावशींचा आवाज आला. "परवाना काल दोनला संपला."

"ठाऊक आहे."

"रेमेला विचारलंस?"

"नाही."

"खिडकी दोनवाली माझ्या भाचीची मैत्रीण आहे हो."

"तिला माझा नमस्कार सांगा," गाल्बिस म्हणाले आणि सुरी सांध्यात घातली.

पाऊण तास लागला. केलोसारखं सफाईदार काम झालं नाही. दोन्ही तळहात फाटले, कोटाची बाही गेली, पिल्लू मुळांसकट येण्याऐवजी मोडून आलं. ते तसंच घेऊन ते आत आले, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सोलायला बसले. थरामागून थर निघत गेला. शेवटी बोटाएवढा पांढरा गाभा उरला. तो त्यांनी बशीत ठेवून रेमेपुढे केला.

रेमेनं एक तुकडा तोंडात घातला. ती खूप वेळ चावत राहिली. गाल्बिस तिच्या जबड्याकडे बघत होते.

"कडू आहे," ती म्हणाली.

"थांब जरा."

ती थांबली. मग तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"फेर्मीन, बाबांनी कधी खाल्लं असेल का रे हे?"

गाल्बिसांनी विचार केला. सासऱ्यांना जाऊन छत्तीस वर्षं झाली होती. खरं सांगावं की बरं वाटेल ते सांगावं, हे त्यांना ठरवायचं होतं, आणि विचारायला कुणी नव्हतं.

"खाल्लंच असणार," ते म्हणाले. "झाडू विकायला ते दरवर्षी त्या गाड्यांच्या मधोमधच बसायचे."

रेमेनं खिडकीबाहेर, झाडाच्या दिशेनं पाहिलं.

"चोर," ती म्हणाली. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.